मलिक अंबर: एका अरबी नावाची कथा

१/८
‘अंबर’ हा शब्द कानी पडताच मराठी मनात आकाश उभे राहते. संस्कृतात त्याचा अर्थ आकाश किंवा वस्त्र. निजामशाहीचा सूत्रधार मलिक अंबर याच्या नावाचा मात्र त्या शब्दाशी काहीही संबंध नाही. ते अरबी ‘अन्बर’ होय.

२/८
अन्बर म्हणजे एका जातीच्या देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागणारा सुगंधी पदार्थ. अत्तरे व औषधे यांत त्याला फार मोठे मोल होते.

३/८
मध्ययुगीन अरबी जगात अशी नावे बहुधा गुलामांना मिळत: काफूर (कापूर), याकूत (माणिक), मरजान (पोवळे), लुलू (मोती). नाव ठेवणारा पिता नसे, धनी असे. म्हणूनच या गोड नावांत मायेपेक्षा मालकी अधिक आहे.

४/८
काफूर हा कृष्णवर्णी गुलाम दहाव्या शतकात इजिप्तचा सत्ताधीश झाला. कापूर पांढराशुभ्र, नावातला विरोधाभास उघड होता. त्याच्याकडून निराश झालेल्या अल्‌-मुतनब्बी या महाकवीने पुढे त्याच्या वर्णाची आणि दास्याची जहरी टवाळी केली. सत्ता आली, तरी कलंक पुसला गेला नाही.

५/८
देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर तर ‘हजारदिनारी’ म्हणून ओळखला जाई. खरेदीची किंमतच त्याची ओळख बनली.

६/८
भूगोलकोशकार याकूत अल्‌-हमवी बालपणीच गुलाम झाला होता. चरित्रकार इब्न खल्लिकान सांगतो की, कीर्ती लाभल्यावर त्याने स्वतःला ‘याकूब’ म्हणवून घेतले. उच्चारात फरक लहानसा. पण माणकाच्या जागी पैगंबराचे नाव आले.

७/८
इथिओपियात सुमारे १५४८ मध्ये जन्मलेल्या ‘चापू’ला अंबर हे नाव बगदादच्या धन्याने दिले. त्याने ते टाकले नाही. त्याच नावाने त्याने मोगलांना झुंजवले, १६१० मध्ये खडकी वसवली आणि १६२६ मध्ये देह ठेवला. खुलताबादेत त्याची कबर आहे.

८/८
‘मलिक’ म्हणजे राजा, स्वामी. हा मान त्याने मिळवला. ‘अंबर’ हे त्याला विकत घेणाऱ्याने दिलेले नाव. दास्य आणि सत्ता, दोन्ही त्या दोन शब्दांत शेजारी नांदतात. त्याचा मुलगा मात्र इतिहासात फतहखान म्हणून ओळखला जातो. फतह म्हणजे विजय. एका पिढीत त्या घरातून गुलामाचे नाव गेले.