सावरकर लवाद निवाडा
परभूमीवर पकडलेल्या राजकीय आरोपीच्या हस्तांतरणाविषयी हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाच्या न्यायाधिकरणाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी दिलेला निर्णय. फ्रान्स व ग्रेट ब्रिटन हे यातील पक्षकार होते.

विनायक दामोदर सावरकर (१८८३–१९६६) यांना १३ मार्च १९१० रोजी लंडन येथे अटक झाली. राजाविरुद्ध युद्ध पुकारणे, तसेच नासिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनास (२१ डिसेंबर १९०९) साहाय्य करणे, असे आरोप त्यांच्यावर होते. इंग्लंड व हिंदुस्थान एकाच साम्राज्यात असल्याने प्रत्यर्पण-कराराची आवश्यकता नव्हती. १८८१ च्या फरारी अपराध्यांविषयीच्या अधिनियमान्वये त्यांना ‘मोरिया’ बोटीने मुंबईस धाडण्यात आले. बोट मार्सेलिस बंदरात असता ८ जुलै १९१० रोजी सकाळी त्यांनी गवाक्षातून समुद्रात उडी घेतली व पोहत धक्का गाठला. तेथे एका फ्रेंच पोलीस अंमलदाराने त्यांना पकडले व बोटीवरील पहाऱ्याच्या स्वाधीन केले. दुसऱ्या दिवशी बोट निघून गेली.

राजकीय अपराध्याचे प्रत्यर्पण करू नये, हे तत्त्व तेव्हा यूरोपात रूढ झाले होते. फ्रेंच भूमीवरील आश्रयाचा हक्क डावलला गेला, असा आक्षेप ल्युमानितेसारख्या समाजवादी वृत्तपत्राने घेतला आणि फ्रेंच शासनाने सावरकरांना परत मागितले. २५ ऑक्टोबर १९१० च्या करारानुसार हा वाद पाच सदस्यांच्या न्यायाधिकरणाकडे गेला. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्त हे त्याचे अध्यक्ष होते.

सावरकर बोटीवर असल्याची पूर्वसूचना फ्रेंच पोलिसांना होती आणि ब्रिटिशांनी कपट वा बळजबरी केली नव्हती, असे न्यायाधिकरणाने मानले. हस्तांतरणात अनियमितता झाली; तथापि परराष्ट्राच्या अधिकाऱ्याच्या चुकीमुळे कैदी परत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय विधीचा नियम नाही, असा निष्कर्ष त्याने काढला.

ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, त्या व्यक्तीस या कार्यवाहीत स्थान नव्हते. निवाड्यापूर्वीच, डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्ये, मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाने सावरकरांना दोन जन्मठेपी ठोठावल्या होत्या. आश्रयाच्या हक्कापेक्षा राज्यांची सोय श्रेष्ठ ठरविल्याबद्दल निवाड्यावर पुढे टीका झाली.

भारताच्या १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमाने राजकीय अपराधाचा अपवाद स्वीकारला. मात्र १९९३ च्या दुरुस्तीने विमान-अपहरण, खून इ. अपराध त्यातून वगळले. मुंबई बाँबस्फोट खटल्यातील (१९९३) आरोपी अबू सालेम यास पोर्तुगालने २००५ मध्ये सोपविले, ते मृत्युदंड वा २५ वर्षांहून अधिक कारावास न देण्याच्या हमीवर. ही हमी पाळण्यास शासन बांधील असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.