गुळाचा भाव पडला तेव्हा

बारामतीहून नीरेकडे जाताना माळेगाव मागे पडले की पणदरे येते. रस्त्याच्या कडेला ऊस आणि जवळून वाहणारा नीरा डावा कालवा. नवख्या माणसाला वाटेल, हा मुलूख पहिल्यापासूनच बागायती असावा. खरे तर दीडशे वर्षांपूर्वी इथे ज्वारी-बाजरीची जिरायत होती आणि पाऊस दगा देई. उसाचे आजचे चित्र पाण्यामुळे उभे राहिले, तसे ते बाजारातल्या दोन मोठ्या पडझडींमुळेही घडले. अशा पडझडीत इथे कुणी कोणता धंदा धरला आणि कुणाला तो धरताच आला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली पडझड कापसाची. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडते घेतले, शेतसारा मात्र वाढलेलाच होता. १२ मे १८७५ रोजी आज बारामती तालुक्यात असलेल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. रोख त्यांच्या वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर होता. दख्खनच्या दंग्यांची ही सुरुवात. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा आणि नीरेचा कालवा, दोन्ही या संकटांच्या पोटातून आले. १८८५ च्या सुमारास डाव्या कालव्याचे पाणी शिवारात खेळू लागले.

पाणी आले म्हणून लगेच ऊस आला नाही. उसाला खत लागते, वर्षभर पैसा अडकून पडतो आणि धीर धरावा लागतो. गावच्या जिरायतदारांकडे यातले फारसे काही नव्हते. सासवडकडच्या माळी कुटुंबांकडे बागायतीची विद्या होती. त्यांनी कालव्याकाठच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि मळे उभे केले. पुढे दौंड-बारामती ही अरुंद रेल्वे १९१४ मध्ये सुरू झाली आणि बारामतीच्या पेठेतला गूळ बाहेर जाणे सोपे झाले.

त्या काळचे गुऱ्हाळ म्हणजे मोठे कसबी काम. चरकातून निघालेला रस काहिलीत पडे, खाली चुलवणात जळव्या वाळलेली चिपाडे सारत राही. भेंडीच्या चिकट पाण्याने मळी वर येई, ती काढायची. पाक आटत आला की गुळव्या थोडासा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाही. गोळी कडक झाली की काहील उतरवायचा हुकूम सुटे. क्षण चुकला तर गूळ काळपट किंवा चिकट व्हायचा आणि पेठेत ढेपेचा भाव उतरायचा. सगळ्या मळ्याच्या वर्षभराच्या कमाईचा निकाल त्या बोटांवर लागे. गुळव्याचा मान म्हणूनच मोठा होता.

मग १९२९ उजाडले. त्याआधीच, १९२८ मध्ये, या कालव्याला पाणी देणारे भाटघरचे नवे, उंच लॉइड धरण पुरे झाले होते. पाणी वाढले आणि भाव पडला, या दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, त्यात जावा बेटाची स्वस्त साखर बंदरांतून आत येतच होती. १९२९-३० मध्ये देशात नऊ-दहा लाख टन साखर परदेशातून आली. गुळाची ढेप विकून खंड, खत आणि मजुरी भागेना. खंड रोखीत ठरलेला, तो काही भावाबरोबर खाली येत नव्हता. कर्जावर चालणारे मळे डबघाईला आले.

सरकारने १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला, आयात साखरेवर जबर जकात बसवली. १९३१-३२ मध्ये तीसेक असलेले देशातले कारखाने पाच वर्षांत सव्वाशेच्या पुढे गेले. माळी बागाइतदारांनी १९३२ मध्येच सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली आणि माळशिरस तालुक्यात माळीनगर वसवले. गुळात बुडू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना काढला. मंदीला दिलेले हे उत्तर धाडसी होते. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने याच दशकात कारखाना उभा केला आणि वालचंदनगर आकाराला आले.

कारखान्याबरोबर कामांची नवी यादी आली: फिटर, बॉयलरवाला, काट्यावरचा कारकून, केमिस्ट, पॅनमन. पॅनमन पॅनमधला नमुना काचेवर घेऊन साखरेचा दाणा पाहतो, म्हणजे एका अर्थी गुळव्याचेच काम. पण ही नोकरी शिकलेल्या हाताला मिळाली. गुळव्याच्या बोटांना कारखान्यात जागा नव्हती. ऊस थेट गव्हाणीत पडू लागला, तिथे गुऱ्हाळावरची माणसे निकामी झाली. धंदा बदलायची संधी बरोबरीने वाटली गेली नाही, आणि हे या इतिहासातले सर्वांत सलणारे सत्य आहे. ज्यांच्याकडे पत आणि विद्या होती त्यांनी नवा व्यवसाय निवडला. बाकीच्यांच्या वाट्याला हंगामी मजुरी आली. पुढे नगर-बीडकडून येणाऱ्या, उचल घेऊन कोयता हाती धरणाऱ्या जोड्यांनी तीच साखळी लांबवली.

स्थानिक शेतकऱ्यांना मालकीची वाट सापडायला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाइतदारांची परिषद अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पाच वर्षांत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. बारामतीकडे माळेगाव सहकारी साखर कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला आणि पणदऱ्याचा ऊस तिकडे जाऊ लागला. कारखान्याच्या निवडणुकीतला पणदरे गट आजही चुरशीचा असतो. डोनाल्ड अॅटवूड या मानववंशशास्त्रज्ञाने या भागातल्या एका कालव्याकाठच्या गावाची १९२० ते १९७० ची जमीनधारणा तपासली, तेव्हा मोठ्या जमीनदारांची जमीन कमी झालेली आणि लहान शेतकऱ्यांपैकी व भूमिहीनांपैकी अनेकांची वाढलेली दिसली. सहकाराने सगळ्यांना वर काढले असे मात्र त्यातून निघत नाही. ऊसतोड मजूर त्या हिशेबाच्या बाहेरच राहिला.

आणखी एक गट आहे, त्याचा उल्लेख कमी होतो. ज्या शेतकऱ्यांनी खासगी कारखान्यांना दीर्घ मुदतीच्या खंडाने जमिनी दिल्या, त्यांच्यावर १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने वेगळीच वेळ आणली. कारखान्यांच्या ताब्यातल्या या जमिनी सरकारकडे आणि १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ मालक खंडकरी म्हणून ओळखले जाऊ लागले. वालचंदनगर आणि माळीनगरच्या परिसरात त्यांची आंदोलने दशकानुदशके चालली. २०१२ मध्ये सरकारने जमीन परत देण्याचा निर्णय घेतला. तोवर अनेक खंडकऱ्यांची मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाऊन स्थिरावली होती, आणि आजोबांनी दिलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नातवंडांची नावे चढत होती.