नळीच्या बाहेरचा मुलामा

‘अपघाताने लागलेला शोध’ हा शब्दप्रयोग विज्ञानाच्या इतिहासात फार सढळ हाताने वापरला जातो. विजेशिवाय निकेलचा मुलामा देण्याची पद्धत अमेरिकेत सापडली, तिच्या कपाळीही हाच शिक्का बसला आहे. मला तो पटत नाही. त्या कथेत अपघातापेक्षा चिकाटी जास्त आहे, आणि तिची सुरुवात एका जुन्या डोकेदुखीपासून होते.

मुलामा वरून कितीही शांत दिसला तरी आतून ताणलेला असू शकतो. ई. जे. मिल्स यांनी १८७७ मध्ये थर्मामीटरच्या फुग्यावर धातूचा थर चढवला, तेव्हा तापमान न वाढताही पारा वर सरकला. आक्रसणारा थर फुग्याला आवळत होता! पुढे १९०९ मध्ये जी. जी. स्टोनी यांनी पातळ पोलादी पट्टीच्या एकाच बाजूवर निकेल चढवले आणि पट्टी वाकली. किती वाकली यावरून थरातला ताण काढण्याचे सूत्र त्यांनी दिले. गंमत अशी की, थर स्वतः किती ताठ आहे हे त्यासाठी ठाऊक असावे लागत नाही. पट्टीचा ताठपणा, दोहोंची जाडी आणि वाकाची त्रिज्या एवढे पुरते. चिपच्या कारखान्यांत आजही याच सूत्राने हिशेब होतो.

हा ताण दोन वाटांनी येतो. एक वाट उष्णतेची. मुलामा गरम द्रावणात चढतो, मग वस्तू थंड होते, आणि थर व खालचा धातू सारखे आकुंचन पावले नाहीत तर ओढाताण होते. दुसरी वाट जडणघडणीची, म्हणजे थर वाढतानाच त्याच्या अंगात मुरणारा ताण. (आपल्या कल्हईला हा त्रास का नाही? कथील इतके मऊ की ते ताण धरूनच ठेवत नाही, सैल पडते. निकेल तसे नव्हे.)

आता वॉशिंग्टनला येऊ. कनेटिकट अ‍ॅव्हेन्यूवर तेव्हा नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सची जागा होती. ही संस्था १९६६ मध्ये गेथर्सबर्गला गेली आणि १९८८ पासून ‘निस्ट’ झाली. मेरीलँडच्या मंडळींना तिचे आवार परिचित असेल. तेथे १९४०च्या दशकात ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल पोलादी नळ्यांच्या आतून निकेल-टंगस्टन या मिश्रधातूचा मुलामा देत होते, अर्थात विजेच्या साहाय्याने. थर चढे, पण त्यात ताण फार. पोलाद आणि निकेल यांचे प्रसरण जवळपास सारखे, एका अंशाला दहा लाखांत १२-१३ भाग. तेव्हा खापर केवळ उष्णतेवर फोडण्यासारखे नव्हते. त्यांचा संशय द्रावणावर गेला. नळीतल्या न विरघळणाऱ्या धनाग्रापाशी सायट्रिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निघणारे पदार्थ थर बिघडवतात, असा तर्क. उपाय म्हणून ऑक्सिडीकरण रोखणारी रसायने एकेक करून घालून पाहिली. त्यांत एक होते सोडियम हायपोफॉस्फाइट.

आणि येथे हिशेब बिघडला. विजेने किती धातू बसेल हे फॅरडेच्या नियमाने ठरते. शंभर टक्के कार्यक्षमता क्वचितच गाठता येते, पण येथे आकडा शंभराच्या वर गेला! शिवाय नळीच्या बाहेरच्या बाजूवरही निकेल बसले होते, जेथे ते बसण्याचे कारणच नव्हते. एखाद्याने वजनकाट्याला दोष दिला असता आणि बाहेरचा थर खरवडून टाकला असता. यांनी वीजच बंद करून पाहिली. निकेल चढतच राहिले.

हायपोफॉस्फाइटमुळे द्रावणातून निकेल बाहेर पडते हे वुर्ट्झ यांनी १८४४ मध्येच पाहिले होते. पण त्यांना मिळाली भुकटी. ती भुकटी आणि पृष्ठभागाला घट्ट धरणारा एकसंध थर यांच्यामध्ये शंभर वर्षे गेली, म्हणून ‘अपघात’ हा शब्द मला खटकतो. ब्रेनर-रिडेल यांचा निबंध १९४६ मध्ये छापला गेला, पेटंटे १९५० मध्ये मिळाली. ब्रेनर मूळ डोकेदुखी विसरले नाहीत. सेंडेरॉफ यांच्याबरोबर त्यांनी १९४९ मध्ये ताण मोजणारे एक उपकरण प्रसिद्ध केले. त्यात धातूच्या पट्टीचे वेटोळे असते. मुलामा चढताना ते पिळते किंवा उलगडते आणि काटा फिरतो.

या नव्या थरात निकेलबरोबर फॉस्फरसही बसतो, म्हणजे तोही मिश्रधातूच. फॉस्फरसचे प्रमाण वाढवले, दहा-अकरा टक्क्यांपर्यंत नेले, की पोलादावरचा ओढणारा ताण जवळपास नाहीसा होतो. उद्योगाने ही पद्धत लवकर उचलली. जनरल अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन कंपनीने कॉस्टिक सोडा वाहणाऱ्या रेल्वे टाक्यांना आतून असे अस्तर दिले आणि ते ‘कॅनिजेन’ या नावाने बाजारात आणले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा संबंध हार्ड डिस्कमुळे येतो. ॲल्युमिनियमची तबकडी मऊ, म्हणून तिच्यावर सुमारे १० मायक्रॉन निकेल-फॉस्फरस चढवून ते आरशासारखे घासतात आणि मग त्यावर चुंबकीय थर देतात. द्रावण साधारण ९० अंश सेल्सियसला असते. ते २० अंशांवर आले की एक मीटर ॲल्युमिनियम दीड मिलिमीटरहून अधिक आखडते, निकेल-फॉस्फरस त्याच्या जेमतेम निम्मे. म्हणजे येथे थर ताणला जात नाही, दाबला जातो. एकाच बाजूवर चढवला तर तबकडी स्टोनींच्या पट्टीसारखीच वाकेल. मुलामा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून ती सपाट राहते.