खानदेशच्या जत्रा आणि फैजपूरचे टिळकनगर

अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला दूरदेशचा प्रवासी पुष्कळदा जळगावच्या स्थानकावर उतरतो, तेथे चहा घेतो, वाहन ठरवितो आणि फर्दापूरच्या वाटेस लागतो. लेणी पाहून झाली म्हणजे तो त्याच स्थानकावर परत येतो व गाडीत बसून चालू लागतो. खानदेशच्या भूमीवर त्याचे पाऊल दोनदा पडलेले असते. परंतु ‘खानदेश पाहिलात काय?’ असे त्यास विचारले, तर तो बुचकळ्यात पडेल. ही स्थिती काही आजची नव्हे. सुरतेहून बऱ्हाणपुराकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे तापीच्या खोऱ्यातूनच जात. पुढे आगगाडी आली, भुसावळ हे मोठे जंक्शन झाले, आणि जंक्शनाविषयी लोकांची आठवण बहुधा गाडी बदलण्यापुरतीच राहते. वाटेवरच्या मुलखाच्या नशिबी पाहुणे पुष्कळ असतात, मुक्कामाचे थोडे.

त्यातून या मुलखाचे नावही सरकारी कागदांतून उतरले आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य निर्माण झाल्यावर त्यांस जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. खानदेश नावाचा जिल्हा आता कोठेच नाही. तो राहिला आहे अहिराणीत, यावल-रावेरकडील लेवा बोलीत, कळण्याच्या भाकरीत, अक्षय्यतृतीयेच्या म्हणजे आखाजीच्या झोक्यांत, श्रावणातल्या कानबाईच्या रोटांत, आणि विशेषेकरून जत्रांत. म्हणूनच अलीकडे ‘प्रत्येक जिल्ह्याने आपला एखादा नामांकित महोत्सव योजावा, त्यायोगे प्रवासी येतील व स्थानिक अभिमानही वाढेल’ असा जो विचार ठिकठिकाणी बोलला जातो, तो खानदेशच्या बाबतीत नुसत्या उत्पन्नाचा प्रश्न राहत नाही. नकाशावर नसलेल्या मुलखाने आपली ओळख कोणत्या प्रसंगाने द्यावी, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना इतिहासाकडे पाहणे इष्ट होईल. कारण उत्सव योजण्याची विद्या या मुलखास अपरिचित नाही.

प्रथम जळगावचा रथ घ्या. कार्तिकी एकादशीस जुन्या गावातील श्रीराम मंदिरातून हा रथ निघतो. आप्पा महाराजांनी १८७२ साली ही प्रथा पाडली. आधी काही दिवस वहने निघतात, आणि एकादशीस रथ. एवढा अवजड लाकडी रथ अरुंद गल्ल्यांतून न्यावयाचा, म्हणजे दोर ओढणाऱ्यांच्या उत्साहापेक्षा चाकाखाली मोगरी घालणाऱ्यांच्या कसबावर सारी भिस्त असते. मोगरी म्हणजे लाकडी पाचर. ती क्षणभर उशिरा पडली तर रथ घराच्या ओट्यावर चढावयाचा. हे काम ज्यांच्याकडे असते त्यांस ते कोणी पुस्तकातून शिकवीत नाही; बापाच्या शेजारी उभे राहून मुलगा ते शिकतो. रथ वाटेत भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो व तेथे फुलांची चादर अर्पण होते. आप्पा महाराज व लालशा बाबा यांचा स्नेह होता असे सांगतात. या स्नेहाची आठवण राखण्यास कोणा समितीने ठराव केला नव्हता. रथ थांबतो, एवढेच. बाहेरगावचे लोक हा सोहळा पाहावयास येतात हे खरे, परंतु ते न आले तरी रथ निघेलच.

सारंगखेड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तापीकाठच्या या गावी एकमुखी दत्ताचे देवस्थान असून दत्तजयंतीस, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेस, तेथे यात्रा भरते. ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी सर्वश्रुत आहे. मारवाडी, काठेवाडी जातींची जनावरे दूरदूरहून येतात. गिऱ्हाईक आधी घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहते, मग दात, मग चाल. चारही पाय व कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणी घोड्याचे कौतुक निराळे. घोड्याची गरज काळानुरूप बदलत गेली. फौजांचा जमाना गेला, टांग्यांचा आला. टांगेही गेले, आणि आता वराच्या मिरवणुकीकरिता, शर्यतींकरिता किंवा केवळ हौसेकरिता घोडा विकत घेतला जातो. बाजार मात्र टिकला. त्याचे कारण असे की, यात्रेचा पाया देवावर होता तसाच व्यवहारावरही होता. दत्ताचे दर्शन, जनावरांचा सौदा, वर्षाची भांडीकुंडी आणि लेकीच्या सासरच्या माणसांची भेट, ही चारही कामे एकाच खेपेत उरकणारा शेतकरी हा या यात्रेचा खरा यजमान होय.

गेल्या दशकात राज्याच्या पर्यटन खात्याने या यात्रेकडे लक्ष दिले व ‘चेतक महोत्सव’ या नावाने तिची देशभर जाहिरात झाली. राहुट्यांची वसाहत उभी राहिली, घोड्यांच्या नृत्याच्या व शर्यतींच्या स्पर्धा झाल्या. यांत काही वावगे झाले असे आम्ही म्हणत नाही. वाटेवरच्या मुलखास मुक्कामाचे पाहुणे मिळाले, हा लाभच आहे. परंतु महोत्सवाचे नाव मात्र मेवाडच्या राणा प्रतापाच्या घोड्यावरून यावे, याचे नवल वाटते. चेतकाचे शौर्य कोण नाकारील? पण तापीकाठच्या बाजारास तापीकाठचे नाव अपुरे वाटावे, ही गोष्ट विचार करावयास लावते. पाहुण्यास ओळखीचे वाटावे म्हणून यजमानाने आपले नाव बदलले, तर पाहुणा भेटून गेला तो कोणास?

याच प्रश्नावर खानदेशने एकदा फार मोठ्या प्रमाणावर विचार केला होता, व त्याचा वृत्तांत येथे विस्ताराने देणे योग्य होईल. १९३६ च्या डिसेंबरच्या २७ व २८ तारखांस पूर्व खानदेशातील फैजपूर या गावी राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन भरले. १८८५ पासून अधिवेशने भरत आली होती ती शहरांत. अधिवेशन खेड्यात भरवावे असा आग्रह गांधींचा होता. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू. स्वागताध्यक्ष शंकरराव देव. (धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव ते हे नव्हेत, नामसाम्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो.) भुसावळचे अण्णासाहेब दास्ताने, पोलीस खात्याची नोकरी सोडून चळवळीत पडलेले धनाजी नाना चौधरी, आणि अमळनेरची शिक्षकी सोडलेले साने गुरुजी ही मंडळी गावोगाव फिरली. पैसा व धान्य जमवावयाचे, स्वयंसेवक मिळवावयाचे, पाण्याची व स्वच्छतेची सोय लावावयाची. ज्या गावी पाहुण्यांची संख्या गावकऱ्यांच्या कितीतरी पट होणार, तेथे ही कामे भाषणांपेक्षा अवघड असतात.

अधिवेशनाकरिता जी वसाहत उभारली तिला टिळकनगर हे नाव दिले. तिच्या रचनेसाठी गांधींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांस बोलाविले. आपण चित्रकार आहो, वास्तुकार नव्हे, अशी नंदलालबाबूंनी प्रथम अडचण सांगितली. ती मान्य झाली नाही. बांधकामाची जबाबदारी म्हात्रे या वास्तुशिल्पज्ञांकडे होती. अट एकच आणि ती कडक होती : त्या परिसरात जे मिळते त्यातूनच नगर उभारावयाचे. म्हणजे बांबू, गवत, चटया, दोर. आसपासच्या कारागिरांनी ज्या हातांनी टोपल्या विणावयाच्या, झोपड्या शाकारावयाच्या, त्याच हातांनी प्रवेशद्वारे व मंडप घडविले. सावदा स्थानकावरून अध्यक्षांस न्यावयास बैलांचा सजविलेला रथ होता. पोळ्याच्या दिवशी बैल सजविणाऱ्या मुलखास त्यात शिकण्यासारखे काही नव्हते, आणि हेच त्या योजनेचे मर्म होय. मुंबईस जेथे १८८५ साली पहिली सभा भरली, तेथून पेटविलेली ज्योत धावणाऱ्या तरुणांनी गावोगावांतून फैजपुरास आणली. ध्वजारोहणाच्या वेळी ध्वज अर्ध्यावर अडकला व शिरपूरकडील एका तरुणाने त्या उंच खांबावर चढून तो मोकळा केला, ही कथा खानदेशात अद्याप सांगतात. नेहरूंच्या भाषणापेक्षा ती अधिक घरांत ठाऊक आहे. यात नवल नाही.

अधिवेशनास जोडून खादीचे व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन होते. त्याचे उद्घाटन गांधींनी २५ डिसेंबरास केले. प्रदर्शन म्हणजे करमणूक नव्हे, खेडुताने येऊन काही शिकून जावे यासाठी ते आहे, ही त्यांची भूमिका होती. नगराच्या रचनेचे श्रेय त्यांनी नंदलालबाबूंस व म्हात्रे यांस मोकळेपणाने दिले.

हे सर्व वाचून फैजपूर म्हणजे केवळ सजावटीचे यश होते, असा ग्रह होऊ नये. अधिवेशनात शेतकऱ्यांच्या हिताचा जो कार्यक्रम मंजूर झाला तो पुढील निवडणुकांत महत्त्वाचा ठरला. त्याच सुमारास प्रा. एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही तेथेच झाले, आणि सुमारे ५०० किसान मनमाडहून २०० मैलांवर वाट पायी तुडवीत, वाटेतील गावांत आपले म्हणणे सांगत, तेथे पोहोचले. बांबूच्या कमानीखालून आत येणारा खेडूत नुसता प्रेक्षक म्हणून येत नव्हता. त्याच्या सारावसुलीचा व कर्जाचा प्रश्न आत चर्चेस होता. सजावट गावठी आणि विषय शहरी, अशी तफावत तेथे नव्हती. पुढे हरिपुरा (१९३८), त्रिपुरी (१९३९), रामगढ (१९४०) येथील अधिवेशनांनी फैजपूरचाच कित्ता गिरविला. हरिपुऱ्यासही नंदलालबाबूंचीच चित्रे होती.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नंदलालबाबू बंगालचे, गांधी गुजरातचे, नेहरू प्रयागचे. मग हा प्रसंग खानदेशचा कसा? आमच्या मते योजक कोठला हे गौण असून त्याने स्वतःवर कोणते बंधन घालून घेतले हे मुख्य आहे. बाहेरचा माणूस आला, पण त्याने बाहेरचे सामान आणले नाही. कारागीरही बाहेरचे आणले नाहीत. सारंगखेड्याच्या राहुट्यांविषयी हाच प्रश्न विचारावा : त्या कोणी शिवल्या, तेथील भाकरी कोणी थापली, आणि पौर्णिमा उलटल्यावर पैसा कोणत्या गावी गेला?

फैजपूरची उणीवही सांगितली पाहिजे. बांबूचे नगर उतरले, बांबू गेले. दुसऱ्या वर्षी त्याच तिथीस तेथे काही भरावे, अशी वहिवाट पडली नाही. रथ १८७२ पासून चालत आला आणि टिळकनगर दोन दिवसांत इतिहासजमा झाले, याचे कारण उघड आहे. रथाला मोगरी घालणारी घराणी आहेत. टिळकनगराला स्वयंसेवक होते, आणि स्वयंसेवक घरी जातो.

युरोपातील एक उदाहरण या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. बव्हेरियातील ओबरआमरगाऊ या डोंगरी गावाने १६३३ साली साथीच्या भयाने एक नवस केला व १६३४ पासून ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांचे नाटक करण्यास आरंभ केला. आज ते साधारणतः दर दहा वर्षांनी होते. करोनाच्या साथीमुळे २०२० चा प्रयोग २०२२ साली झाला. जगभरचे लक्षावधी प्रवासी तेथे जातात. परंतु रंगमंचावर उभे राहण्याचा अधिकार गावात जन्मलेल्यास, अथवा तेथे वीस वर्षे राहिलेल्यासच आहे. नियमामुळे उत्तम नट मुकत असतील. गाव मात्र आपल्या नाटकास मुकले नाही. आपल्याकडे पुष्करच्या जत्रेत परदेशी प्रवासी वाढत गेले आणि उंट कमी होत गेले, ही दुसरी बाजूही ध्यानात असावी.

खानदेशजवळ भांडवल थोडे नाही. वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. महाशिवरात्रीस तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाला व जवळच मुक्ताईच्या स्थानी वारकऱ्यांची दाटी होते. धुळ्यात एकवीरा देवीची चैत्रातली यात्रा आहे, राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातील हस्तलिखिते आहेत. साहित्य संमेलने जळगावास १९३६ साली माधव ज्युलियनांच्या व धुळ्यास १९४४ साली मामा वरेरकरांच्या अध्यक्षतेखाली झाली, आणि अमळनेरास १९५२ व पुन्हा २०२४ साली. हिवाळ्यात मळ्यामळ्यांतून काट्यांवर वांगी भाजून भरीत-पुरीच्या पंगती उठतात, त्यांस तर निमंत्रणपत्रिकाही लागत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यास व केळीस भौगोलिक मानांकन मिळाले ते अलीकडे. पंगत त्याआधीची आहे.

सन २०३६ मध्ये फैजपूरच्या अधिवेशनास शंभर वर्षे पुरी होतील. तो प्रसंग साजरा करण्याच्या योजना होतीलच, आणि पुतळे, कमानी, प्रकाशझोत यांची नावे यादीत वर येतील. आमची सूचना लहान आहे. समितीची पहिली बैठक मुंबईस न भरविता फैजपुरास भरवावी, आणि तीस यावल-रावेर तालुक्यांतील बांबूकाम करणाऱ्यांस बोलवावे. कमान केवढी उंच असावी, बांबू केव्हा तोडावा, दोर कोणता वापरावा, हे त्यांस विचारावे. पाहुण्यांची उतरण्याची सोय शक्य तेवढी सावदा-फैजपूरच्या घरांत करावी. डिसेंबर हा भरिताचाच महिना असल्यामुळे जेवणाची चिंता नाही. आणि दरसाल २७ डिसेंबरास तेथे काय भरणार व ते कोणत्या घरांकडे राहणार, हे त्याच बैठकीत ठरवून घ्यावे.