सालासकट केळं

आमच्या लहानपणी घरात कुणी फार आरडाओरडा केला, की मोठी माणसं म्हणायची, ‘याला रत्नांग्रीस धाडा.’ मुंबईकडचे पाहुणे ठाण्याचं नाव घेत, पुण्याचे येरवड्याचं. वाक्य तेच, गाव तेवढं बदलायचं. आमच्याकडे मात्र माईआजी समोर असली की हे म्हणायची कुणाची टाप नव्हती. ती तिथल्याच मनोरुग्णालयात नोकरीला होती. चुकून कुणाच्या तोंडून निघालंच, तर ती शांतपणे म्हणायची, ‘धाडा की. वेळच्या वेळी जेवण मिळेल त्याला. इथे मिळतंय कुठे?’

माईआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन-अडीच वर्षांतच नवरा विषमज्वराने गेला आणि ती माहेरी परत आली. त्या घरात तिची स्वतःची आजी होती, आलवणातली. दर पंधरवड्याला मागीलदारी न्हावी यायचा आणि त्या दिवशी आजी कुणाशी बोलायची नाही, असं माईआजी सांगे. माईच्या वेळेपर्यंत केस काढण्याची रीत आमच्यातून गेली होती, पण म्हणून बाईमाणसाने नर्स व्हावं इतकं काही घर पुढे गेलं नव्हतं. परक्या पुरुषांची अंगं पुसायची, रात्री-अपरात्री जागायचं, छे!

मग पुण्याहून एक बाई आल्या आणि त्यांनी माईच्या वडलांना समजावलं. कोण त्या बाई, यावर आमच्यात आजही एकमत नाही. आई म्हणते, आजोळच्या कुणी लांबच्या. मामाच्या मते मेट्रन होत्या आणि कुणी लागत नव्हत्या, फक्त आंबे घ्यायला आल्या होत्या. एवढं खरं, की त्या सेवासदनात शिकलेल्या होत्या. रमाबाई रानड्यांनी पुण्यात १९०९ साली सेवासदन काढलं आणि तिथल्या मुली, त्यांत कितीतरी विधवा, ससूनमध्ये नर्सिंग शिकू लागल्या. ‘पोरीला स्वयंपाकघरात कोंडून काय करणार आहात?’ असं त्या बाईंनी विचारलं आणि आंब्याची पेटी घेऊन त्या निघून गेल्या. माई शिकायला गेली.

नोकरीला लागली ती १९५२ की ५३ साली. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा त्याच साली इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला. परत जाऊ न दिलेली माणसं ठेवायला सरकारला आमचंच गाव बरं सापडलं, असं आमचे आजोबा म्हणत. थिबाचा राजवाडा बघायला पाहुण्यांना हौसेने नेत, दुसऱ्या जागेवरून जाताना टांगा जरा जोरात हाकायला सांगत. माई त्या दुसऱ्या जागेत सकाळी सातला हजर.

तेव्हा कायदा १९१२ चा. माणूस दाखल व्हायचा तो बहुतेकदा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने, बरोबर पोलीस. दक्षिणेकडे पार सावंतवाडीपर्यंत जिल्हा एकच होता, त्यामुळे कुठून कुठून माणसं यायची. रात्रभर एसटीत बसून आलेला माणूस आणि त्याच्याइतकाच दमलेला शिपाई. माई आधी दोघांना चहा द्यायची, मग कागद बघायची. स्वातंत्र्याच्या आदल्या साली भोर समितीचा अहवाल आला होता. त्यात हिशेब होता की चाळीस कोटींच्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा जेमतेम दहा हजार. माईला अहवाल ठाऊक नव्हता. खाटा कमी आणि माणसं जास्त, एवढं तिला डोळ्यांनी दिसत होतं.

औषधं म्हणावीत अशी त्या वेळी फार नव्हतीच. पॅराल्डिहाइड होतं. ते झोप आणायचं, पण त्याचा वास रोग्याच्या श्वासातून दिवसभर येत राहायचा आणि माईच्या लुगड्यालाही बसायचा. ती घरी आली की आजी तिला आधी न्हाणीघरात पिटाळायची. पुण्याकडे काही महिने शिकायला गेली, तेव्हा तिने इन्शुलिनचा वॉर्ड पाहिला. सकाळी उपाशीपोटी इन्शुलिन टोचून माणसाला मुद्दाम बेशुद्धीत न्यायचं आणि ठरल्या वेळी नळीने साखरपाणी घालून परत आणायचं. डॉक्टर फेरी मारून जात. उशाशी बसून घाम, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या बघत राहायचं काम नर्सचं. जरा दुर्लक्ष झालं तर माणूस परत यायचा नाही. त्या उपचाराने खरोखर किती बरे झाले कोण जाणे. पुढे जगभर तो बंदच पडला. माईचं मत ठरलेलं होतं, ‘इन्शुलिनने नव्हे रे, रोज चार तास कुणीतरी उशाशी बसतंय म्हणून बरे व्हायचे.’ हे विज्ञानाला धरून आहे की नाही, याची मी हमी देत नाही, पण पुढच्या संशोधकांनाही काहीशी हीच शंका आली होती.

शॉक तर भूल न देताच असायचे. चौघांनी खांदे आणि कंबर धरायची, दातांत रबराचा तुकडा. माई त्याबद्दल फारसं बोलत नसे. नंतरचं मात्र सांगायची. माणूस जागा होतो तेव्हा त्याला आपण कोण, कुठे आहोत, काही कळत नाही. अशा वेळी समोर ओळखीचा चेहरा हवा. ‘तुमचं नाव हे, हा वॉर्ड अमका, आज बुधवार, आणि तुमची पेज झाकून ठेवलीय.’ पेजेचं ऐकलं की चेहरा जरा सैल पडायचा म्हणे.

मग लारगॅक्टिल आलं. १९५२ साली पॅरिसला या औषधाची किमया दिसली आणि दोन-चार वर्षांत ते आपल्याकडेही पोचलं. माई सांगायची, वॉर्डातला आवाजच उतरला. वर्षानुवर्षं भिंतीशी बोलणारी बाई एक दिवस म्हणाली, ‘सिस्टर, पाऊस कधी सुरू झाला?’ पण नव्या गोळीबरोबर नवी कामंही आली. अंथरुणातून झटकन उठलं की घेरी येते, म्हणून आधी बसवायचं, मग उभं करायचं. ऊन सोसत नाही, कातडी भाजते, म्हणून बागेतल्या कामाला डोक्यावर फडकं. हातपाय ताठले, लाळ गळू लागली, की डॉक्टरांना सांगायचं. आणि गोळी गिळली का? ‘आ करा, जीभ वर करा, आता गालाकडे.’ आम्हा मुलांना ती जंताचं औषध द्यायची तेव्हाही हेच. तिच्यासमोर गोळी गालात लपवणं कुणाला जमलं नाही.

केळ्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मालवणकडचा एक रोगी काही केल्या जेवेना. ‘माका वीख घालतत,’ एवढंच म्हणायचा. कुणी समजूत घातली, कुणी दरडावलं. माईने भात परत पाठवला आणि त्याच्यासमोर दोन केळी ठेवली, सालासकट. सोललेलं केळं म्हणजे त्याला कुणाचा तरी हात लागलेला. न सोललेल्या केळ्यात विष कोण घालणार? दुसऱ्या दिवशी केळ्यांबरोबर कवचासकट उकडलेलं अंडं. घरी कांद्याला नाक मुरडणारी माई तिथे अंडी मोजून द्यायची, हे आजीला पुष्कळ वर्षांनी कळलं. मग एक दिवस माईने त्याच्याच ताटातला एक घास आधी स्वतः खाल्ला आणि तो जेवला. ‘वीख नाही’ असं ती त्याला एकदाही म्हणाली नाही. ‘आहे’ असंही नाही. ‘तुम्हाला भीती वाटतेय ते मला दिसतंय,’ एवढंच.

परवा भाचीचं नर्सिंगचं पुस्तक चाळत होते. संशयी रुग्णाला बंद वेष्टनातलं अन्न द्यावं, भ्रमाशी वाद घालू नये आणि त्याला दुजोराही देऊ नये, हे सगळं त्यात व्यवस्थित छापलंय. हिल्डगार्ड पेप्लाऊ नावाच्या अमेरिकन नर्सबाईंचं नाव आहे. नर्स आणि रुग्ण यांचं नातं हाच या शुश्रूषेचा गाभा, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९५२ चं. माईची नोकरी साधारण तेव्हाचीच.

नोकरीच्या सवयी तिने घरीही आणल्या. पाळी बदलताना वॉर्डात माणसं मोजायची, कात्र्या मोजायच्या, किल्ल्या मोजायच्या. आमच्याकडे लग्नकार्य आटोपलं की ती विळ्या मोजून फळीवर ठेवायची आणि झोपताना पोरं मोजायची. मामाच्या लग्नात एक पोरगं जास्त भरलं. शेजाऱ्यांचं होतं. घरात दोघींनी कोपऱ्यात कुजबुजून हसलेलं तिला चालायचं नाही. ‘तिसऱ्याला वाटतं, माझ्यावरच हसतायत.’ पदर कायम खोचलेला, अंबाडा घट्ट, गळ्यात काही लोंबतं नाही. कुणी चिडलं तर ती त्याच्या समोर नाही, जरा बाजूला उभी राहायची आणि आवाज उलट खाली आणायची. आमच्या तापट आजोबांवर हा प्रयोग कित्येकदा यशस्वी झालेला मी पाहिलाय.

गावाकडच्या उपायांना ती हसायची नाही. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायला निघालेल्या नातेवाइकांना ती नारळाला पैसे द्यायची आणि गोळ्यांची पुडीही. ‘देवाला सांगा, आणि रात्री जेवणानंतर ही एक.’ माझ्या मते त्या काळात यापेक्षा शहाणपणाचा सल्ला कुठल्या डॉक्टरानेही दिला नसेल. नातेवाईक परत येत राहिले पाहिजेत, ही तिची खरी काळजी. बरी झालेली माणसं न्यायला कुणी येत नाही, पत्र टाकलं तर पत्ता खोटा निघतो, याचं तिला फार लागायचं. अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी पन्नाशीच्या दशकात रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून घरच्यांनाच रुग्णाबरोबर ठेवून घेतलं होतं. हे तिने कुठून तरी ऐकलं होतं आणि ‘असं इथे व्हायला हवं’ म्हणून आल्यागेल्याला सांगायची.

नोकरीची शेवटची काही वर्षं ती येरवड्याला होती. डॉ. अनिता अवचट तिथेच होत्या आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये त्याच आवारात व्यसनमुक्तीचं ‘मुक्तांगण’ सुरू झालं. पु. ल. आणि सुनीताबाईंना आपण तिथे पाहिलं, असं माई म्हणते. त्या दिवशी ती रजा घेऊन रत्नागिरीला बारशाला आली होती, असं आईचं म्हणणं. बारसं माझ्या धाकट्या भावाचं. तारखा काढून भांडण मिटवता येईल, पण दोघींनाही ते मिटवायचं नाहीये.

एक गोष्ट मात्र तिने मला एकदाच सांगितली. वॉर्डात उवा झाल्या की सरसकट डोकी भादरायची, हा त्या काळचा सगळीकडचा रिवाज. सोयीचा, आणि हात कमी असले की दुसरं सुचतही नाही. माईला ते बघवत नसे. आपल्या पाळीत ती रॉकेल, फणी आणि खोबरेल घेऊन बसायची, एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन. दुपार त्यातच जायची, बाकीची कामं रात्री उरकायची. मागीलदारचा तो न्हावी आपल्याला दिसायचा, असं काही ती म्हणाली नाही. ते मी माझ्या मनाने जोडलंय.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा पुढल्या वर्षी लागू झाला, तेव्हा माई नव्वदीला टेकली होती. भाची तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. तिने माईला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं: साखळदंड नाहीत, भूल दिल्याशिवाय शॉक नाही, रुग्णाला हवे असतील तर स्वतःचे कपडे घालता येतील, सक्तीने मुंडण करता येणार नाही.

माईने ते परत वाचायला लावलं.

‘बरं केलं,’ ती म्हणाली. ‘पण तेल कोण लावणार, ते लिहिलंय का त्यात? एका नर्समागे किती डोकी?’

भाचीने पानं उलटली, मग फोनमध्ये काहीतरी शोधलं. तोवर माई तिच्या होस्टेलच्या मेसवर आली होती. आमटीत डाळ असते का, आणि नाइट ड्युटीला बरोबर काय नेतेस?