वेरूळची एसटी आणि मलिक अंबर

वर्गात विचारलं, आपलं शहर कोणी वसवलं? मुलं म्हणाली, औरंगजेबानं. मग मी त्यांना वेरूळच्या एसटीत बसवलं.

औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ते वेरूळ हा रस्ता तीसेक किलोमीटरचा. वाटेत दौलताबादचा किल्ला आणि खुलताबाद. पर्यटक किल्ला आणि लेणी पाहून परततात. खुलताबादला उतरलेच तर औरंगजेबाची कबर पाहतात. त्याच गावातल्या मलिक अंबरच्या मकबऱ्याकडे क्वचितच कुणी वळतं.

गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा पेशवा झाला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकी हे शहर वसवलं, नहरीनं तिथं पाणी आणलं. तेच आपलं शहर. १६२४ ला भातवडीत मोगल आणि आदिलशाही फौजांविरुद्ध शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथंच कामी आले. हे भोसले वेरूळचे.

मकबरा पाहून आम्ही पुन्हा एसटी धरली. वेरूळ काही मिनिटांवर होतं. नावांवरून भांडणाऱ्यांनी एकदा या बसनं जाऊन यावं.