पांढरा मोर कुठला?

मागच्या दिवाळीत ढोकीतल्या एका मित्राने मला रील पाठवलं. पांढराशुभ्र मोर, पूर्ण फुललेला पिसारा, मागे बासरीचं संगीत. खाली लिहिलेलं, 'हिमालयात शंभर वर्षांतून एकदाच दिसणारा मोर'. मित्राला शेतात हुरडा पार्टीसाठी जागा करायची होती आणि तिथे जाळीच्या पिंजऱ्यात अशी एक जोडी ठेवायची होती. "हा परदेशी आहे ना? मग आपला कायदा त्याला लागत नसणार," असं त्याचं म्हणणं.

उत्तर एका ओळीत देता आलं असतं. पण पांढऱ्या मोराची गोष्ट मोठी आहे आणि तिच्याकडे जाणारी एक वाट आमच्या गावाशेजारून जाते.

ढोकीपासून काही किलोमीटरवर तेर आहे. संत गोरोबाकाकांचं तेर म्हणून ते सगळ्यांना माहीत असतं. प्राचीन काळचं 'तगर' ते हेच, असं जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये तगरचा उल्लेख येतो. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, तिथला माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचा आणि पुढे रोमन जगात. लहानपणी मी कल्पना करायचो, की त्या गाड्यांत मोरांचे पिंजरेही असतील. तसं काही नाही. तगरच्या मालात कापड आहे, मोर नाही.

मोर त्याच्या कितीतरी आधी पश्चिमेकडे पोचला होता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये पायरिलँपीस नावाच्या श्रीमंताकडे मोर होते आणि महिन्यातून एकदा लोक ते बघायला जायचे. रोममध्ये तर मोराचा धंदाच झाला. हॉर्टेन्सियस नावाच्या वक्त्याने मेजवानीत मोर वाढला आणि ती फॅशन पसरली. इसवी सनापूर्वी ३७ च्या सुमाराला शेतीवर पुस्तक लिहिणारा व्हॅरो सांगतो, की ऑफिडियस लुर्को हा माणूस खाण्यासाठी मोर पोसून वर्षाला साठ हजार सेस्टर्स कमावत होता.

यावर लगेच "आपल्याकडे मात्र मोर कायम पूज्य होता" असं म्हणायचा मोह होतो. अशोकाचा पहिला शिलालेख तसं म्हणू देत नाही. पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीन मारतात : दोन मोर आणि एक हरिण, तेही हरिण रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं वचन तो देतो. म्हणजे सगळं बंद करत आणलं, तरी राजाच्या ताटातून सगळ्यात शेवटी सुटणार होता तो मोर.

फरक दुसरीकडे आहे. आपल्याकडे मोर प्रामुख्याने मोकळाच राहिला. लांडोर झुडपाच्या आडोशाला जमिनीवर अंडी घालते, रात्री सगळे उंच झाडावर बसतात, पावसाळा संपता संपता पिसारा गळतो. गळालेली पिसं वासुदेवाच्या टोपीत गेली, देवळात गेली आणि आमच्या वहीत आली. त्या पिसाला खडूची पूड घातली की पिल्लू होतं, असं आम्ही मानायचो.

पश्चिमेत तो पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात आणि बागेत वाढला. रानात वेगळ्या रंगाचं पिल्लू कोल्ह्याच्या किंवा ससाण्याच्या नजरेत लवकर भरतं. पिंजऱ्यात ती भीती नसते. उलट मालक तेच पिल्लू जपतो आणि त्याची जोडी लावतो. इंग्लंडमधल्या बागांत नेहमीच्या मोरांच्या कळपात काळ्या खांद्यांचे मोर निपजायला लागले, तेव्हा स्क्लेटर या पक्षितज्ज्ञाने १८६० मध्ये त्यांना वेगळी जात ठरवून नाव देऊन टाकलं. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात हे पटत नसल्याचं लिहिलं : हा आपला साधाच मोर आहे, फक्त अचानक बदललेला. पुढे डार्विनचंच खरं ठरलं.

पांढऱ्या मोराचंही तसंच. पिसांत रंग उतरत नाही म्हणून तो पांढरा. त्याचे डोळे गुलाबी नसतात, म्हणजे तो अल्बिनोही नव्हे. रानात असा मोर क्वचित निपजतो. पिंजऱ्यात जोड्या लावून हवे तितके तयार करता येतात. रीलमधला 'शंभर वर्षांतून एकदा' दिसणारा मोर जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत रोज दिसतो.

म्हणजे तो परदेशी नाही. जात तीच, *पाव्हो क्रिस्टाटस*. १९६३ मध्ये जिला आपण राष्ट्रीय पक्षी केलं ती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोर आहे, आणि तिथे रंगाची सूट नाही. त्याला पकडणं किंवा मारणं यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पिंजऱ्यातला ठेवायचा नाही आणि मोकळा माझा भुईमूग उकरून खातो. मला त्याचा फायदा काय?" त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे इतिहासातून उत्तर नव्हतं. मोर मोकळा राहिला याची किंमत आजवर शेतकऱ्यानेच दिली आहे, हे मात्र मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. आपण रील बघून नुसतं कौतुक करतो.

पिंजरा त्याने केला नाही. या भाद्रपदात त्याचा व्हिडिओ आला. तुरीच्या ओळींमधून एक मातकट लांडोर चाललेली, मागे तीन पिल्लं. कॅमेरा हललेला, संगीत नाही. खाली त्याने लिहिलं होतं, "कुत्रं बांधून ठेवलंय."